विश्वाचा ताळेबंद

आपल्या टोकावड्याहून माळशेज घाट चढून गेले की जुन्नर तालुका लागतो. तेथे नारायणगावजवळ खोडद येथे महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची ती बनलेली आहे. अशा साधनांच्या बळावर आज माणूस एक मूलभूत प्रश्न तपासत आहे. गुरुत्वाकर्षणाचा जो नियम आपण मानतो, तो साऱ्या विश्वात लागू पडतो काय?

वर फेकलेल्या दगडाचा वेग मंदावत जातो. विश्वाचे प्रसरणही गुरुत्वाकर्षणामुळे तसेच मंदावत असेल, असा समज होता. परंतु १९९८ मध्ये दूरच्या ताऱ्यांचे स्फोट अपेक्षेपेक्षा अंधूक, म्हणजेच अधिक दूर असल्याचे आढळले. प्रसरणाचा वेग उलट वाढत होता!

आम्हा बँकेतल्या माणसांना दिवसअखेर हिशेबात फरक आला की दोन शंका येतात. एखादी नोंद राहिली असेल, किंवा आकडेमोडीची रीतच चुकली असेल. येथेही तसेच आहे. एक तर विश्वाचा सुमारे ७० टक्के भाग न दिसणाऱ्या ‘कृष्ण ऊर्जे’चा आहे, किंवा आइन्स्टाईन यांनी १९१५ मध्ये मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत अफाट अंतरावर अपुरा पडतो.

याचा निवाडा निरीक्षणच करू शकते. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून निघालेल्या गुरुत्वीय लहरी व गॅमा किरण सुमारे १३ कोटी वर्षांचा प्रवास करून पृथ्वीवर पोहोचले. दोहोंच्या आगमनात फरक अवघ्या १.७ सेकंदांचा! गुरुत्वीय लहरींचा वेग प्रकाशाहून वेगळा मानणारे अनेक पर्यायी सिद्धांत त्यामुळे बाद झाले. या घटनेच्या रेडिओ लहरींचा वेध पुढे खोडदच्या दुर्बिणीनेही घेतला.

अमेरिकेतील ‘डेसी’ प्रकल्पाने लाखो दीर्घिकांचा नकाशा तयार केला. त्यांचे पुंजके कसे वाढत गेले हे तपासले, तेव्हा नोव्हेंबर २०२४ मध्येही आइन्स्टाईनच खरे ठरले. मात्र मार्च २०२५ मध्ये त्याच प्रकल्पातून कृष्ण ऊर्जा काळानुसार क्षीण होत असावी, असे संकेत मिळाले. तो अजून संकेत आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे.

आइन्स्टाईन कितीही थोर असले, तरी त्यांच्या सिद्धांताला ११० वर्षांनंतरही परीक्षेतून सूट नाही. विज्ञानात शब्दप्रामाण्याला थारा नसतो. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला विज्ञान प्रदर्शन भरत आले आहे. पालकांनी आपल्या मुलामुलींना घाट ओलांडून एकदा तेथे अवश्य न्यावे.