राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र : एकाच पदवीत दोन्ही का शिकावे?



बारावीचे निकाल लागले की गट ऑफिसात ऊसनोंदीबरोबर पोरांच्या प्रवेशाच्याही चौकशा सुरू होतात. शेतकी कॉलेज, इंजिनिअरिंग, नर्सिंग यांची माहिती आम्ही जमेल तशी देतो. पण घरातली एखादी मुलगी "मला बी.ए.ला राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र दोन्ही घ्यायचंय" म्हणाली, की वडीलधारी मंडळी कपाळाला हात लावतात. "राजकारण काय कॉलेजात शिकायची गोष्ट आहे होय? ते ग्रामपंचायतीत फुकट शिकायला मिळतं!" असे म्हणून विषय मिटवला जातो.

आमची स्वतःची विद्या शेतकी पदविकेची. तरी उसाच्या आणि सभासदांच्या संगतीत इतकी वर्षे काढल्यावर आमचे मत असे झाले आहे, की हे दोन विषय जोडीने शिकण्यात शेतकऱ्याच्या घराचे हित आहे. ते कसे, हे न्हावा शेवा बंदराच्या उदाहरणावरून सांगतो.

जमिनीचा भाव कोण ठरवतो?

न्हावा आणि शेवा ही रायगड जिल्ह्यातील पनवेल-उरण भागातली दोन गावे. तिथले जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. आज ते देशातल्या मोठ्या कंटेनर बंदरांत गणले जाते, आणि राज्यातील कारखान्यांची पुष्कळशी निर्यात साखर तिथूनच बोटीवर चढते.

या भागात भातशेती आणि मिठागरे होती. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. त्या वेळी कायदा होता १८९४ सालचा, म्हणजे इंग्रजांच्या अमलातला. त्यात भाव धरायचा तो संपादनाची पहिली अधिसूचना निघाली त्या दिवसाचा. ज्या कामासाठी जमीन घेतली, त्या कामामुळे पुढे तिची किंमत किती चढेल, हे हिशेबात धरायचेच नाही, असे त्या कायद्याचे म्हणणे होते.

आता सभासदांनी विचार करावा. भातखाचराची किंमत पिकाच्या उत्पन्नावरून निघते. शेजारी शहर आणि बंदर आले की तीच जमीन कितीतरी पटीने महाग होते. ही वाढ कुठून आली, ती कोणाच्या पदरात पडली आणि मूळ मालकाचा वाटा किती असावा, हा प्रश्न अर्थशास्त्राचा. पण वाढीव किंमत धरायची नाही हा नियम कोणी केला, तो कुठल्या सभागृहात बदलतो, त्यासाठी दाद कुठे मागायची, हा प्रश्न राज्यशास्त्राचा.

उरणच्या शेतकऱ्यांना हे दोन्ही धडे फार महाग पडले. दिनकर बाळू पाटील, म्हणजे लोकांचे दि. बा., यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी लढा दिला. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले. या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत देण्याचे तत्त्व पुढे आले. एकराचे ४० गुंठे धरले तर ५ गुंठे. त्यातूनही सार्वजनिक सोयींसाठी वजावट होते. तरीपण चढलेल्या किमतीत शेतकऱ्याचा वाटा आहे, ही गोष्ट सरकारदरबारी मान्य झाली. पुढे २०१३ साली देशाचा कायदाच बदलला आणि ग्रामीण भागात बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदल्याची तरतूद आली.

नुसता मोर्चा काढता आला आणि मागायचे किती ते माहीत नसले, तर पदरात थोडे पडते. नुसता हिशेब आला आणि दाद कुठे मागायची ते ठाऊक नसले, तर हिशेबाचा कागद घरातच राहतो.

साखरेचे पोते बंदरावर का अडते?

दुसरे उदाहरण आपल्या घरचेच. परदेशात साखरेला गिऱ्हाईक असते, भावही बरा असतो, तरी कंटेनर हलत नाही असे का होते? २०२१-२२ च्या हंगामात देशातून १०० लाख टनांहून अधिक साखर बाहेर गेली. जून २०२२ पासून केंद्र सरकारने निर्यातीवर बंधने घातली. २०२३-२४ च्या हंगामात सर्वसाधारण निर्यात बंदच राहिली. जानेवारी २०२५ मध्ये त्या हंगामापुरती १० लाख टनांची परवानगी मिळाली.

यात ब्राझीलचे पीक, आपल्याकडचा पाऊस, इथेनॉलकडे वळवलेली साखर हे सगळे अर्थशास्त्र आहे. पण साखर खाणारा गिऱ्हाईक हाच मतदार असतो आणि त्याची संख्या ऊस पिकवणाऱ्यापेक्षा कितीतरी मोठी, हे राज्यशास्त्र झाले. एफआरपी दिल्लीत ठरते, साखरेची किमान विक्री किंमतही दिल्लीत ठरते. आपण वाफ्यात कितीही घाम गाळला तरी बिलाचा आकडा या दोन शास्त्रांच्या सांध्यावर ठरतो. नुसते नत्र टाकून ऊस माजतो, पण उतारा पडतो. स्फुरद आणि पालाशही लागते. तसेच हे आहे.

ही जोडी नवी नाही

१८९५ साली लंडनमध्ये जी अर्थशास्त्राची प्रसिद्ध संस्था निघाली, तिच्या पूर्ण नावात राज्यशास्त्रही आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथेच रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहून १९२३ साली डी.एस्सी. मिळवली. त्याआधी १९१८ साली त्यांनी तुकड्यातुकड्यांच्या शेतीवर लेख लिहिला होता. अर्थकारणाचा असा पाया असलेला माणूस पुढे राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. ऑक्सफर्डला तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र व अर्थशास्त्र अशी एकत्र पदवी १९२० च्या सुमारास सुरू झाली.

आपल्या पुण्यात १९३० साली गोखले संस्था निघाली, तिच्याही नावात राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र शेजारी शेजारी आहेत. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेचा सहकारी कारखाना उभा केला, तेव्हा हेच गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष होते. म्हणजे ज्या सहकारावर आपण उभे आहोत, त्याच्या पायाभरणीला शेतकऱ्याची जिद्द आणि ही विद्या दोन्ही होती.

पालकांनी काय पाहावे?

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीला एक मुख्य विषय आणि एक जोड विषय घेता येतो. अर्थशास्त्र मुख्य आणि राज्यशास्त्र जोड, किंवा उलट. प्रत्येक कॉलेजात ही जोडी मिळेलच असे नाही, म्हणून फी भरण्याआधी माहितीपत्रक नीट वाचावे. अर्थशास्त्रात बाजारभाव, पैसा व बँका, सरकारचा अर्थसंकल्प, व्यापार येतो. राज्यशास्त्रात राज्यघटना, स्थानिक स्वराज्य, प्रशासन, इतर देशांशी संबंध येतात. आकडेमोडीला घाबरून संख्याशास्त्र टाळू नये. अर्थशास्त्राचे पुढचे शिक्षण त्यावाचून अडते.

ही पदवी म्हणजे हमखास नोकरीची चिठ्ठी नव्हे, हेही स्पष्ट सांगतो. स्पर्धा परीक्षा, कायद्याचे शिक्षण, बँक, सहकार खाते, वर्तमानपत्रे, निर्यात व्यवसाय अशा वाटा उघडतात. पण पुढे आणखी दोन-तीन वर्षे मेहनत लागते. ज्या घराला लगेच मिळकत हवी, त्यांनी याचा आधी विचार करावा.

मुलांना मात्र एक काम जरूर सांगावे. सुट्टीत घरी आल्यावर आपल्या सोसायटीचा ताळेबंद, ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक आणि कारखान्याचा वार्षिक अहवाल समोर घेऊन घरच्यांना समजावून सांगावा. वार्षिक सभेत अहवाल वाचून प्रश्न विचारणारे सभासद जितके वाढतील, तितका कारखाना ताळ्यावर राहील. तेव्हा मुलीने वा मुलाने ही जोडी मागितली, तर लगेच नाही म्हणू नका. उद्या आपल्या जमिनीची नोटीस आली किंवा साखर बंदरावर अडली, तर तो कागद वाचणारे माणूस घरातच असू द्या.

— ऊस विकास अधिकारी, शेती विभाग