दारूचा परवाना हें वतन नव्हे

१० जून २०२५ रोजीं महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें मद्यावरील करांत वाढ करण्याचा निर्णय घेतला, तेव्हां बहुतेकांचें लक्ष बाटलीची किंमत किती वाढणार याकडेच गेलें, आणि तें स्वाभाविकही होतें. परंतु त्याच निर्णयांत एक लहानसें कलम होतें, आणि आमच्या मतें दूरवर परिणाम करणारा भाग तोच आहे. हॉटेलांत बसून विदेशी मद्य पिण्यास देण्याचा जो 'एफएल-३' परवाना, आणि सीलबंद बाटल्या विकण्याचा जो 'एफएल-२' परवाना, ते दोन्ही परवानेदारास भाडेकरारानें, म्हणजे बाजारच्या भाषेंत 'कंडक्टिंग'वर, दुसऱ्याकडून चालवून घेतां येतील. मात्र त्याबद्दल वार्षिक फीवर हॉटेलवाल्यास १० टक्के व दुकानदारास १५ टक्के जादा भरावे लागतील, असें तें कलम सांगतें. जी गोष्ट पडद्याआड चालत होती ती उघड्यावर आणली, हें ठीकच झालें. पण परवाना ज्याच्या नांवाचा तो एक आणि गल्ल्यावर बसणारा दुसरा, अशी स्थिति मान्य करतांना त्या दुसऱ्याची पारख कोणी व कशी करावयाची, हा प्रश्न जादा फीच्या आकड्याखालीं झांकून जाऊं नये, एवढ्यासाठीं हा लेख.

व्यवहारांत काय घडतें तें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नकोच. चालतें हॉटेल विकावयास निघतें. जागेचा भाडेपट्टा, खुर्च्या-टेबलें, भटारखाना, पाटीवरचें नांव आणि गिऱ्हाइकांची बसलेली संवय, या सर्वांची मिळून एक रक्कम ठरते. व त्या रकमेंतील मोठा वांटा भिंतीवर टांगलेल्या त्या एका चौकटींतल्या कागदाचा असतो. तो कागद नसेल तर उरते ती भजी-भाकरीची खानावळ. आतां हा कागद नव्या धन्याच्या हातीं यावा कसा? सरळ मार्ग म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे व राज्य उत्पादन शुल्क खात्याकडे अर्ज करून परवाना आपल्या नांवावर करून घेणें. दुसरा मार्ग आडवळणाचा. खरेदीदारास प्रथम भागीदार म्हणून आंत घ्यावयाचें, आणि कांहीं काळानें जुन्या भागीदारानें 'प्रकृतीच्या कारणास्तव' निवृत्त व्हावयाचें. प्रत्येक पायरी कागदोपत्रीं निर्दोष असते. पण दोन पायऱ्या मिळून दुकान पूर्णपणें विकलें गेलेलें असतें. तिसरा मार्ग तर याहून सोपा. सरकारदरबारीं कांहींच कळवावयाचें नाहीं. जुना मालक घरीं बसून दरमहा रक्कम घेतो, आणि नवा मालक 'मॅनेजर' म्हणून नोकरनाम्यावर वावरतो. नोकरनामा हा परवानेदाराच्या नोकरास विक्री करतां यावी म्हणून काढलेला कागद. त्याच्या आडोशास धनीच नोकर होऊन बसतो, हें पाहून हंसावें कीं रडावें तें समजत नाहीं.

असा व्यवहार करणारांनीं कायदा काय म्हणतो तें एकदां नीट पाहावें. ज्या अधिनियमाखालीं हे परवाने दिले जातात, तो १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम होय. त्याचें नांव पुढें 'महाराष्ट्र' झालें, परंतु 'दारूबंदी' हा शब्द तसाच राहिला. कायद्याचा मूळ नियम मनाईचा, आणि परवाना हा त्या मनाईस काढलेला अपवाद. इतकेंच नव्हे, तर पिणाराजवळही परवाना असला पाहिजे, असा हा कायदा आहे. 'परमिट रूम' हें नांव त्यावरूनच पडलें, हें त्या खोलींत बसणारांपैकीं किती जणांस ठाऊक असेल? १९५१ सालीं बलसारा खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें या कायद्याचा बहुतेक भाग कायम केला. १९५४ सालीं अजमीरच्या भरूचा खटल्यांत त्याच न्यायालयानें सांगितलें कीं, दारूची किरकोळ विक्री करण्याचा कोणाही नागरिकास उपजत हक्क नाहीं; आणि १९९४ सालीं खोडे डिस्टिलरीजच्या खटल्यांत पांच न्यायाधीशांच्या पीठानें तेंच तत्त्व विस्तारानें मांडलें. यावरून निघणारा अर्थ साधा आहे. कापडाचें दुकान विकतांना विकणारा आपली मालमत्ता विकतो. दारूचा परवाना विकतांना तो सरकारनें त्याच्यावर, त्या जागेपुरता व त्या वर्षापुरता, टाकलेला विश्वास विकावयास निघालेला असतो. पाटीलकी-कुळकर्णाचीं वतनें गहाण पडत आणि वांटून घेतलीं जात. दारूचा परवाना हें तसलें वतन नव्हे.

आडमार्गानें जाणाऱ्या खरेदीदारानें आणखी एक निवाडा लक्षांत ठेवावा. १९९५ सालीं बिहारीलाल जयस्वाल यांच्या प्राप्तिकराच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयापुढें मध्य प्रदेशांतील मद्याच्या परवान्याचा प्रश्न आला होता. तेथील नियमाप्रमाणें परवानगीवांचून परवाना हस्तांतरित करण्यास मनाई होती. असें असतां परवानेदारानें इतरांस भागीदार करून घेतलें. अशी भागीदारी कायद्याविरुद्ध असल्यामुळें ती करापुरतीही मान्य करतां येत नाहीं, असा निर्णय झाला. परवाना दुसऱ्याचा, पैसा आपला आणि करार खिशांत, अशा थाटानें लाखों रुपये गुंतविणारास उद्यां जुन्या मालकानें 'तूं माझा नोकर' म्हणून दार दाखविलें, तर तो दाद कोणत्या तोंडानें मागणार? बेकायदा करारावर उभ्या राहणाऱ्या वादीस न्यायालय हात देत नाहीं, हें आमच्या वकिलीच्या धंद्यांतलें पहिल्या वर्षाचें ज्ञान होय.

तेव्हां हॉटेलची मालकी बदलली म्हणजे परवान्याचा नव्यानें विचार झालाच पाहिजे, आणि तो नांवाची दुरुस्ती करण्यापुरता असतां कामा नये. नवा मनुष्य कोण, त्यावर पूर्वीं कांहीं गुन्हे शाबित झाले आहेत काय, हें तर पाहावेंच. पण त्याहून अधिक महत्त्वाचें हें कीं, पैसा कोणाचा? अर्जावर सही भाच्याची आणि पैसा अशा मामाचा कीं ज्याचा स्वतःचा परवाना पूर्वीं रद्द झालेला आहे, असें होऊं शकतें. जागा मंजूर नकाशाप्रमाणें राहिली आहे, कीं गच्चीवर आणि मागच्या अंगणांतही टेबलें गेलीं आहेत, हेंही त्याच वेळीं मोजून घ्यावें. शिल्लक मालाची मोजदाद नोंदवहीशीं ताडून पाहावी. नाहींतर जुन्याचा बेहिशेबी माल नव्याच्या गळ्यांत, किंवा नव्याचा जुन्याच्या नांवावर, असा घोळ होतो.

आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे मागील वर्तनाचा हिशेब. परवानेदारानें किंवा त्याच्या नोकरानें अटी मोडल्या तर परवाना तहकूब वा रद्द करण्याचा अधिकार अधिनियमाच्या ५४ व्या कलमानें दिलेला आहे. परंतु दुकान विकतांच जुन्या कसुरीही गंगेस मिळाल्या असें समजलें गेलें, तर त्या कलमाची धार बोथट होते. चौकशी अंगावर आली कीं हॉटेल मेहुण्याच्या नांवावर करावें आणि पाटी नव्या रंगानें रंगवावी, एवढा सोपा उपाय कोण सोडील? म्हणून आमचें म्हणणें असें कीं, चौकशी चालू असतां हस्तांतराच्या अर्जावर निर्णयच होऊं नये; आणि चौकशी संपून दोष ठरला असेल, तर ज्या अटीचा भंग झाला तिच्यासंबंधानें नव्या मालकानें काय बंदोबस्त केला आहे, हें लेखी घेतल्यावांचून परवाना त्याच्या हातीं देऊं नये.

हें सर्व बारकाईचें बोलणें कोणास वकिली कीस वाटेल. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यांत कल्याणीनगर येथें घडलेला प्रकार ते विसरले नसतील. मोटार चालविणारा मुलगा १७ वर्षांचा होता, आणि दोन तरुण इंजिनियर, एक मुलगा व एक मुलगी, जागच्या जागीं प्राणास मुकलीं. महाराष्ट्रांत कडक मद्यास वयाची अट २५ वर्षांची व सौम्य बिअरला २१ ची. असें असतां त्या मुलास मद्य दिल्याच्या आरोपावरून दोन मद्यगृहांच्या मालक-व्यवस्थापकांवर गुन्हे नोंदले गेले आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या हुकुमानें तीं ठिकाणें सील झालीं. प्रकरणाच्या गुणावगुणांत आम्ही येथें शिरत नाहीं. आमचा मुद्दा इतकाच कीं, मध्यरात्रीं समोर उभ्या राहिलेल्या पोराचें वय विचारावयाचें कीं नाहीं, हें प्रत्यक्ष त्या खोलींत हुकूम चालविणारा मनुष्य ठरवितो. तो मनुष्य सरकारी दप्तरांत कोठेंच नसेल, तर वयाची अट ही भिंतीवरची अक्षरें होऊन बसते.

शेजारपाजाऱ्यांचा विचार तर कोणी करीतच नाहीं. गांवांतील वा प्रभागांतील लोकांनीं, विशेषतः स्त्रियांनीं, मतदान करून दुकान बंद करावें, ही 'आडव्या बाटली'ची सोय महाराष्ट्रांत आहे, व तिचा उपयोग धैर्यानें करणाऱ्या स्त्रियांचें आम्हांस कौतुक वाटतें. पण तें अखेरचें शस्त्र होय. मार्च २०२५ मध्यें गृहनिर्माण संस्थांच्या आवारांत नवीन मद्यविक्रीच्या दुकानास त्या संस्थेचें ना-हरकत पत्र लागेल, अशी घोषणा विधानसभेंत झाली; तिच्यांतील शब्द 'नवीन' दुकानांपुरते होते. परंतु तळमजल्यावर जेथें दहा वर्षें एक शांत कुटुंबवत्सल मालक रात्रीं अकराला दार लावून घेत असे, तेथें नवा मालक येऊन पहाटेपर्यंत ढोल बडवूं लागला, तर वरच्या मजल्यावरील आजाऱ्यास तें दुकान नवीनच नव्हे काय?

परदेशांत हा प्रश्न दोन निरनिराळ्या रीतींनीं सोडविला आहे. विलायतेंत १८९१ सालीं शार्प विरुद्ध वेकफील्ड या खटल्यांत लॉर्डांच्या सभेनें ठरविलें कीं, एका दूरच्या खेड्यांतील खाणावळीचा परवाना नव्यानें न देण्याचा न्यायाधिकाऱ्यांस अधिकार होता. चालत आलेला परवाना म्हणजे कायमचा हक्क नव्हे. तेथील २००३ च्या कायद्यानें मात्र मालकी बदलतांना परवाना बदलणें सोपें केलें. पोलिसांस हरकत घेण्यास १४ दिवस मिळतात, शेजाऱ्यांस त्या वेळीं बोलतां येत नाहीं. पण परवान्याचा फेरविचार व्हावा असा अर्ज त्यांस पुढें केव्हांही करतां येतो. न्यूयॉर्क राज्याची रीत याच्या उलट आहे. तेथें हॉटेल विकलें तरी परवाना त्याबरोबर जातच नाहीं. खरेदीदारानें नवा अर्ज करावयाचा, स्थानिक मंडळास ३० दिवस आधीं सूचना द्यावयाची, आणि दरम्यान धंदा बंद पडूं नये म्हणून तात्पुरता परवाना मागावयाचा. आम्हांस दुसरी रीत अधिक प्रामाणिक वाटते. आपल्याकडे निदान एवढें व्हावें कीं, अर्ज आल्याबरोबर हॉटेलच्या दारावर मराठींत मोठ्या अक्षरांची नोटीस लागावी, आणि हरकतींस पंधरा दिवसांची मुदत असावी.

व्यापाऱ्यांची बाजूही आम्ही जाणतों. मूल्यवर्धित कर ५ चा १० टक्के झाला, वार्षिक फी १५ टक्क्यांनीं वाढली, उत्पादन शुल्क चढलें, या तक्रारीसाठीं १४ जुलै २०२५ रोजीं मुंबईच्या हॉटेलमालकांच्या 'आहार' या संघटनेच्या हांकेवरून परमिट रूम बंद ठेवण्यांत आले होते. अशा स्थितींत हस्तांतराचा अर्ज महिनेच्या महिने टेबलावर पडून राहिला, तर भाडें चालू, आचाऱ्या-वेटरांचा पगार चालू आणि कर्जाचें व्याज चालू. खरें सांगावयाचें तर आडमार्गाची सवय लावण्यास ही दिरंगाईच पुष्कळ अंशीं कारण होते. आणि जेथें मुदत नाहीं तेथें पाकिटास वाट सांपडते. दारू विकण्याचा हक्क नसला तरी परवाने देतांना सरकारनें मनमानी करूं नये, समतेचें कलम येथेंही लागू आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८६ सालीं नंदलाल जयस्वाल खटल्यांत स्पष्ट केलें आहे. म्हणून चौकशी कडक पण मुदतबंद असावी. अर्ज पुरा आल्यापासून साठ दिवसांत होय किंवा नाहीं सांगावें, नाहीं म्हणावयाचें तर कारणें लेखी द्यावीं. आणि जुन्या मालकाच्या जबाबदारीवर तोंपर्यंत दुकान चालूं द्यावें.

सरकारास यांत पैशाचा मोह आहे, हें उघड आहे. इंग्रजी अमलांत अबकारीचा मक्ता अधिकांत अधिक बोली बोलणारास मिळे; मक्तेदार कोण, पाजतो कोणास, याची विचारपूस दुय्यम. त्याच अबकारी धोरणाविरुद्ध १९०८ सालीं पुण्यांत लोकमान्यांच्या प्रेरणेनें स्वयंसेवक दारूच्या दुकानांपुढें उभे राहिले, आणि १९३० सालीं घराबाहेर कधीं न पडलेल्या स्त्रिया उन्हांत तिष्ठल्या. आपल्या सरकारानेंही १० टक्के जादा घेऊन 'कोण चालवितो तें तुमचें तुम्ही पाहा' असें म्हणावयाचें असेल, तर मक्त्याचें नांव तेवढें बदललें.

कंडक्टिंगच्या नव्या सवलतीस आमचा विरोध नाहीं. परंतु असा प्रत्येक करार खात्याच्या दप्तरीं नोंदलेला असावा, चालविणाऱ्याची चौकशी खरेदीदाराइतकीच व्हावी, आणि परवान्याच्या चौकटींत मूळ परवानेदाराच्या नांवाखालीं त्याचेंही नांव गिऱ्हाइकास वाचतां येईल असें लिहिलेलें असावें. हॉटेल घेऊं इच्छिणाऱ्या आमच्या वाचकांस व्यवहारापुरती एक सूचना: परवाना आपल्या नांवें झाल्याचा लेखी हुकूम हातीं पडेपर्यंत किमतीचा मोठा हिस्सा त्रयस्थाकडे अनामत ठेवावा, हुकूम न मिळाल्यास सौदा मोडून ती रक्कम परत मिळेल, अशी अट करारपत्रांत घालावी, आणि विकणारावर खात्याची कोणती नोटीस वा थकबाकी आहे काय, हें सही करण्यापूर्वीं स्वतः कचेरींत जाऊन पाहावें.