हिंगणघाटचा कापूस आणि सावकारी वह्या

वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाटचा कापूस एकेकाळीं लँकेशायरपर्यंत नांवाजलेला होता. या व्यापारासंबंधीं सरकारी अहवाल पुष्कळ आहेत. परंतु त्यांवरून माल कोठें गेला हें जितकें कळतें, तितकें नफा कोठें राहिला हें कळत नाहीं. म्हणून संग्राहकांचें लक्ष आम्ही एका उपेक्षित साधनाकडे वेधूं इच्छितों.

भोसल्यांच्या अमदानींत नागपूर प्रांतींचा कापूस लमाणांच्या बैलांवर मिर्झापुरास जात असे. इ. स. १८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी माजली, तेथील दक्षिणी बंदरांची नाकेबंदी झाली, आणि विलायती गिरण्यांची दृष्टि इकडे वळली. भाव कडाडले. १८६२ सालीं वर्धा हा स्वतंत्र जिल्हा झाला. आगगाडी नागपुरास पोहोंचली ती १८६७ सालीं. पण युद्ध १८६५ सालींच संपून तेजी ओसरूं लागली होती. भाव उतरला तरी कर्जाचा आंकडा उतरत नाहीं, हें सांगणें नकोच.

वर्ध्याच्या जमाबंदीचा अहवाल लिहिणारे रिव्हेट-कार्नॅक हेच पुढें कापसाचे कमिशनर झाले. अर्थात् सारा व निर्यात यांचा वृत्तांत एकाच लेखणींतून उतरला. कुळागणिक हिशेब त्यांत शोधणें व्यर्थ होय.

व्यापार वाढला कीं शेतकऱ्याच्या पदरीं अधिक पडतें, असें एका पक्षाचे अर्थशास्त्रज्ञ मानतात. उलट, १९३४ सालीं वर्ध्यास स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा यांच्या मतें कच्चा माल बाहेर जातो तेव्हां त्याबरोबर गांवची मजुरीहि जाते, व विषमता वाढते. कुमारप्पा कोलंबिया विद्यापीठांत शिकलेले होते. हिंगणघाटापुरता या वादाचा निवाडा जुन्या आडत्यांच्या व सावकारांच्या वह्यांवांचून होणार नाहीं.

सनदा व महजर यांना गिऱ्हाईक मिळतें. वह्या मात्र रद्दीच्या वजनावर जातात. रोजकीर्दींत त्या दिवसाचा भाव सांपडतो, खतावणींत कुळाचें देणें. सबब दोन्हींची ताटातूट करूं नये. मुंबईची कापसाची खंडी ७८४ पौंडांची होती. वहींतलें माप तेंच कीं स्थानिक, हें आधीं ठरवावें. मग त्याच महिन्याचा लिव्हरपूलचा भाव शेजारीं मांडावा. मधल्या अंतरांत वाहतूक, आडत व व्याज वजा जातां जें उरेल, तोच या व्यापाराचा खरा इतिहास होय.