सेप्सिसमधील हृदयदौर्बल्य आणि श्राव्यातीत ध्वनिचित्रण

पावसाळ्यात नवी मुंबईच्या रुग्णालयांत लेप्टोस्पायरोसिस, डेंग्यू व मलेरियाचे रुग्ण येऊ लागतात. त्यांपैकी काहींचा रक्तदाब एकाएकी ढासळतो. अशा वेळी शिरेवाटे आणखी द्रव द्यावा की हात आखडता घ्यावा, हा प्रश्न चिकित्सकापुढे उभा राहतो. दाब रक्तवाहिन्या शिथिल झाल्याने उतरला, की हृद्स्नायूच दुबळा झाला, यावर त्याचे उत्तर अवलंबून असते. आणि नाडी पाहून हा भेद करता येत नाही.

श्राव्यातीत ध्वनीने हृदयाची हालचाल टिपण्याचा पहिला प्रयोग एड्लर व हर्ट्झ यांनी १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे केला. त्यासाठी वापरलेले यंत्र मूळचे धातूंतील दोष शोधण्याचे होते. सेप्सिसमधील हृदयदौर्बल्य मात्र प्रथम ठळकपणे दिसले ते किरणोत्सर्गी द्रव्याच्या साहाय्याने. मार्गारेट पार्कर व सहकाऱ्यांनी १९८४ साली २० रुग्णांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. जगलेल्यांपैकी बहुतेकांचा उत्क्षेपणांश, म्हणजे डाव्या निलयातील रक्तापैकी प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारा भाग, आरंभी बराच घटलेला होता व सात ते दहा दिवसांत तो पूर्ववत झाला. जे दगावले त्यांचा उत्क्षेपणांश मात्र जवळजवळ प्राकृत होता! पुढील एकत्रित विश्लेषणांत या अंशाचा मृत्यूशी असा ठाम संबंध आढळला नाही.

या कोड्याचा उलगडा बराचसा रक्तवाहिन्यांत आहे. त्या सैलावल्या की हृदयापुढचा विरोध कमी होतो आणि दुबळा निलयही सहज रिता होतो. नॉरअॅड्रिनलिन सुरू करताच विरोध वाढतो व झाकलेले दौर्बल्य उघडे पडते. म्हणून रक्तदाब व औषधाची मात्रा न नोंदवता ‘उत्क्षेपणांश ६० टक्के’ एवढेच लिहिणारा अहवाल जवळजवळ निरुपयोगी होय.

याहून उपयुक्त मापन महारोहिणीच्या मुखाशी होते. तेथील मार्गाचा व्यास २ सेंटिमीटर असल्यास छेदक्षेत्र ३.१४ चौ. सेंटिमीटर येते. एका ठोक्यात रक्तस्तंभ १८ सेंटिमीटर सरकला, तर सुमारे ५६ घन सेंटिमीटर रक्त बाहेर पडले. व्यास चुकून १.८ मोजल्यास हेच उत्तर जवळजवळ एकपंचमांशाने घटते, कारण त्रुटीचा वर्ग होतो. यास्तव व्यास एकदाच मोजून पुढे केवळ रक्तस्तंभाचे अंतर पाहत राहणे श्रेयस्कर. रुग्णाचे पाय उचलून धरल्यावर हे अंतर दहा टक्क्यांहून अधिक वाढले, तर द्रवाने हृदयाचे उत्सर्जन वाढण्याचा संभव असतो. न वाढल्यास तोच द्रव फुप्फुसांत साचण्याची भीती अधिक.

द्विदल झडपेच्या कड्याचा शिथिलनकालीन वेग आणि उजव्या निलयाचा आकार यांकडेही दुर्लक्ष होऊ नये. कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णात उजवा निलय विशेष जपावा लागतो. लेप्टोस्पायरोसिसमध्ये आणखी एक अडचण येते. तेथे हृद्स्नायूचाच दाह होऊ शकतो, व ध्वनिचित्रात तो सेप्सिसजन्य दौर्बल्यासारखाच दिसतो. अशा रुग्णाचा विद्युत्-हृद्लेख त्याच दिवशी काढून तालातील बिघाड तपासावा लागतो.