पंप बदलला म्हणजे नेमके काय बदलले?

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातील कुंडलच्या माळरानावर जो कारखाना उभा केला, आणि धनजीशा कूपर यांच्या साताऱ्यातील कारखान्याची जी डिझेल इंजिने पुढे खेडोपाडी पोचली, त्यांनी सातारा-सांगलीकडील शेतकऱ्याला व मिस्त्र्याला पंपाची आणि इंजिनाची जी घरोब्याची ओळख करून दिली, ती इतकी पक्की आहे की आज पुणे-बंगळूर महामार्गावर टर्बो पेट्रोल गाडी हाकणारा त्यांचा नातूही आपल्या गाडीच्या इंधनपंपाविषयी त्याच ओळखीच्या आधारे मत बनवतो. हे मत पुष्कळदा चुकते. परंतु त्यामागे अज्ञान नसते. एका यंत्राविषयीचे अगदी खरे ज्ञान दुसऱ्या यंत्राला बिनदिक्कत लावल्यामुळे ते चुकते.

पहिला व सर्वांत दृढ समज हा की मोठा पंप बसवला म्हणजे गाडीची ताकद वाढते. जुन्या डिझेल ट्रॅक्टरचा वा जीपचा मायको पंप ज्याने खोलला आहे, त्याने हे म्हणणे साहजिक आहे. कारण तेथे प्रत्येक फेऱ्याला किती डिझेल सोडायचे हे तो पंप स्वतःच ठरवतो, आणि म्हणून त्याचा स्क्रू फिरवला की ताकदही वाढते व सायलेन्सरमधून काळा धूरही निघतो. पेट्रोल गाडीच्या टाकीतील पंपाला मात्र मोजमापाचा अधिकारच नाही. त्याचे काम एवढेच, की इंजेक्टरच्या तोंडाशी पेट्रोलचा ठरलेला दाब कायम ठेवायचा. इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा राहील याचा निर्णय इंजिनाचा संगणक हवेचा हिशेब पाहून करतो, आणि उरलेले पेट्रोल रेग्युलेटरमधून मुकाट्याने टाकीत परतते. सबब, मूळ अवस्थेतील गाडीत दुप्पट क्षमतेचा पंप बसवला तरी एकाही अश्वशक्तीची भर पडत नाही. मोठा पंप पेट्रोल जास्त पितो हा उलट बाजूचा समजही याच कारणाने निराधार ठरतो.

मग पंप बदलण्याचा प्रसंग येतो केव्हा? टर्बोचा बूस्ट वाढवला, म्हणजे सिलिंडरमध्ये अधिक हवा कोंबली, की तिच्या प्रमाणात पेट्रोलही अधिक लागते. आणि टर्बो पेट्रोल इंजिनाला पूर्ण जोरावर दर अश्वशक्तीमागे ताशी ढोबळमानाने २७० ग्रॅम पेट्रोल लागते असे धरले, तर २०० अश्वशक्तीसाठी ताशी सुमारे ७३ लिटर आणि ३०० अश्वशक्तीसाठी सुमारे ११० लिटर असा हिशेब निघतो. त्यावर पाचवा हिस्सा राखीव धरावा. हा हिशेब वहीवर मांडायला पाच मिनिटे पुरतात, तथापि तो न मांडता कॅटलॉगातील ‘ताशी २५५ लिटर’ या आकड्यावर भाळणारे गिऱ्हाईक अधिक आढळते.

हा आकडा खोटा नसतो, पण अपुरा असतो. आणि तो का अपुरा असतो हे ताकारी, टेंभू वा म्हैसाळ योजनेचे पाणी शेतात घेणाऱ्या माणसाला समजावून सांगण्याची वस्तुतः गरज नाही. नदीवर बसवलेल्या मोटरीचे हेड जसजसे वाढते तसतसा तिचा विसर्ग घटतो, हे तो जाणतो. इंधनपंपाची अंतर्रचना निराळी असली तरी नियम तोच. इंजेक्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबांत समजा ३ बारचा फरक राखायचा आहे आणि टर्बो मॅनिफोल्डमध्ये १ बार बूस्ट देत आहे, तर बूस्टची नळी जोडलेला रेग्युलेटर रेलमधील दाब ४ बारवर नेतो. म्हणजे इंजिनाला पेट्रोलची सर्वाधिक निकड असते नेमक्या त्याच क्षणी पंपाचा विसर्ग सर्वांत कमी झालेला असतो. तेव्हा पाहायचा तो त्या दाबावरचा आकडा, कॅटलॉगाच्या मुखपृष्ठावरचा नव्हे.

दाबाइतकाच व्होल्टेजचाही प्रश्न आहे, आणि माझ्या मते याच बाबतीत सर्वाधिक पैसा वाया जातो. मागील सीट उचलून, झाकण काढून, पंपाच्या कनेक्टरवर मीटर लावावा: बॅटरीवर १३.८ व्होल्ट असताना येथे १२ किंवा त्याहूनही कमी दिसत असतील, तर दोष पंपाचा नसून बारीक तारेचा, गंजलेल्या अर्थिंगचा अथवा थकलेल्या रिलेचा आहे. व्होल्टेज उतरले की पंपाची गती उतरते व विसर्गही उतरतो. नवा मोठा पंप तर अधिक प्रवाह ओढणारा, त्यामुळे त्याच जुन्या तारेवर तो बसवला की ती तापते, आणि हजारो रुपये खर्चून पूर्वीचाच दाब पदरी पडतो. फिल्टर तुंबलेला नाही याची खातरजमाही अशीच आधी करावी.

‘घ्यायचाच तर सर्वांत मोठा घ्या’ हा सल्ला देणाऱ्याने रिटर्न लाइनचा विचार केलेला नसतो. इंजिन नुसते चालू असताना जवळजवळ सगळे पेट्रोल परत जावे लागते. ते जाण्याइतकी वाट नसेल तर रेलचा दाब ठरल्याहून वर चढतो, आयडलला मिश्रण गडद होते, आणि सतत फिरत राहिलेले पेट्रोल टाकीत तापते. पुष्कळ नव्या गाड्यांत तर रिटर्न लाइनच नसते, आणि कित्येकींत पंपाची गतीच गरजेनुसार कमीजास्त केली जाते. त्या नियंत्रकाला नव्या पंपाचा भार झेपेल काय, हे आधी पाहणे भाग आहे.

आपल्याकडील हौशी मंडळींची लाडकी गाडी म्हणजे २०१३ साली आलेली, चाकणच्या कारखान्यातील पोलो जीटी टीएसआय. १०५ अश्वशक्तीच्या या १.२ लिटर इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, आणि त्यासाठी लागणारा शंभराहून अधिक बारचा दाब कॅमशाफ्टवर चालणारा दुसरा, यांत्रिक पंप निर्माण करतो. अशा गाडीत टाकीतील पंप हा केवळ त्या दुसऱ्या पंपाचा पुरवठादार असतो. कमतरता कोणत्या टप्प्यावर आहे हे दोन्ही टप्प्यांचे दाब वेगवेगळे वाचल्याशिवाय कळत नाही, आणि टाकीतला पंप बदलून उच्चदाबाची उणीव कधीही भरून निघत नाही.

आता कृष्णाकाठचा ऊसच या हिशेबात शिरला आहे. येथील साखर कारखाने ज्या इथेनॉलसाठी मळी व रस वळवतात, ते २० टक्के मिसळलेले पेट्रोल आज सर्रास मिळते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. त्यामुळे ई-२० वर तेवढ्याच हवेसाठी शुद्ध पेट्रोलच्या मानाने सुमारे ८ टक्के अधिक इंधन द्यावे लागते. मूळ गाडीला ही वाढ सहज पेलते. पण बूस्ट वाढवून ज्याने पंप शेवटच्या थेंबापर्यंत राबवायला घेतला आहे, त्याची राखीव क्षमता या ८ टक्क्यांतच संपू शकते. आणि खंबाटकीच्या चढावर पूर्ण थ्रॉटलला मिश्रण विरळ झाले की नॉकिंग सुरू होऊन पिस्टन जळायला फार वेळ लागत नाही. नव्या गाडीचा संगणक पुष्कळदा वेळीच बूस्ट तोडतो. त्याच्या भरवशावर राहू नये.

‘पंप बदलला, आरटीओला कोठे दिसतो?’ असेही म्हटले जाते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदलांना मनाई करते. एमएच-१० किंवा एमएच-११ ची पाटी लावलेल्या गाडीचा बूस्ट वाढवून तिची शक्ती बदलली आणि विमा कंपनीस कळवले नाही, तर अपघातानंतर दाव्याला हरकत निघू शकते, आणि ती केवळ कागदोपत्री राहत नाही.

राहता राहिली बसवणी. टाकीतील पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो, म्हणून गाडी सदैव रिझर्व्हवर चालवणारा माणूस त्याचे आयुष्य स्वतःच्या हाताने कमी करतो. झाकणाच्या लॉकरिंगखालचे रबर नवे टाकावे. पंपाला जोडायची लहानशी नळी मात्र दुकानात समोर आली ती उचलू नये. बाहेरच्या बाजूने वापरायची साधी इंधननळी पेट्रोलमध्ये बुडाली की फुगते व फाटते, म्हणून एसएई ३०आर१० दर्जाची, बुडवून ठेवण्यासाठीच बनवलेली नळी मागावी. ही वीतभर नळी फाटली तर पंप उत्तम गुणगुणत राहतो, आणि पेट्रोल टाकीतल्या टाकीतच फिरत राहून रेलच्या गेजवरचा काटा बूस्ट येताच खाली बसतो.