चिलटांचे बिऱ्हाड

अर्धापूरची केळी नांदेड-लातूरच्या घरात पिकू लागली, की चिलटे आलीच! फडके झटकले की उडतात, पुन्हा येतात. कारण त्यांचे बिऱ्हाड घरातच असते: फुटलेल्या फळात, ओल्या कचऱ्यात, मोरीच्या जाळीखालच्या गाळात. मादी तिथे शेकडो अंडी घालते. उबदार हवेत ८-१० दिवसांत नवी चिलटे तयार!

वाटीभर व्हिनेगरमध्ये साबणाचे दोन थेंब टाकले, तर उडणारी चिलटे बुडतात. अंडी मात्र उरतात. म्हणून फळे झाकावीत, कचरा रोज बाहेर काढावा. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातुरात मोरीवर बादल्या ओतणे कसे परवडेल? आधी गाळ ब्रशने खरवडावा. मग तांब्याभर पाणीही पुरते. दोन आठवडे हा नेम पाळा, बिऱ्हाड मोडेल.