भात बंद केला, तरी पोट का उतरत नाही?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांचा एक फोटो २००४ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही सारखाच होता : २२.३. पण शरीरातली चरबी मोजल्यावर युडकिन यांची ९.१ टक्के भरली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्याच्या दृष्टीने दोघं सारखेच, पण आतून किती वेगळे!

याचं मूळ कुठवर जातं, तेही पुण्याजवळच्या गावांमधून कळलं. १९९३ पासून तिथे गर्भवती महिला आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू झाला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो होतं, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपलं बाळ लहानखुरं, स्नायूंनी कमी, पण त्वचेखालची चरबी मात्र त्याने बऱ्यापैकी राखलेली. या कामातूनच दिसायला बारीक पण चरबीने जाड अशा भारतीय बाळाची ओळख जगाला झाली. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ झाला की वजन जास्त आणि २५ झाला की लठ्ठपणा धरतात. पाश्चात्त्यांसाठी हेच आकडे २५ आणि ३० आहेत. कंबरेचा घेर पुरुषांनी ९० सेंटिमीटरच्या आत आणि बायकांनी ८० च्या आत ठेवावा असं सांगतात. टेप शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध धरायची, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता.

हे आधी सांगितलं, कारण खाण्याविषयीचे आपले बहुतेक गैरसमज ‘काय बंद करू?’ या एका प्रश्नातून जन्मतात. भात, तूप, साखर, बटाटा, नाहीतर रात्रीचं जेवण, असा दर वेळी कुणी तरी एक गुन्हेगार शोधला जातो. स्नायू कमी आणि पोटावर चरबी जास्त, ही ज्या शरीराची ठेवण आहे, त्याने आधी ताटात कशाचं प्रमाण किती ते पाहायला हवं.

“मी भात सोडलाय, दोन पोळ्या जास्त खाते”

तांदूळ असो, गहू असो की ज्वारी, १०० ग्रॅम कोरड्या धान्यात साधारण ३२० ते ३६० उष्मांक असतात. भाताची वाटी बाजूला सारून पोळी वाढवली तर उष्मांकांच्या हिशेबात फारसं काही बदलत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे आहाराविषयीचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. आपल्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात, असं त्यात दिसलं. नुसत्या पांढऱ्या तांदळाच्या जागी गहू किंवा भरडधान्याचं पीठ घेतल्याने मधुमेहाचा धोका घटलेला दिसला नाही. पिष्टमय पदार्थांचा थोडा वाटा कमी करून तिथे डाळी, दूध-दही, अंडी, मासे यांतली प्रथिनं आली, तेव्हा मात्र धोका कमी आढळला.

आता एखाद्या मध्यमवर्गीय पुणेरी घरातला दिवस पाहा. सकाळी पोहे किंवा उपमा. डब्यात तीन पोळ्या आणि बटाट्याची किंवा फ्लॉवरची भाजी. चार वाजता चहाबरोबर खारी किंवा बिस्किटं. रात्री पुन्हा पोळी-भाजी आणि शेवटी वरणभात, त्यातही वरण पातळ. यात अपथ्य असं काहीच नाही, सगळं घरचं, ताजं आहे. पण पोहे, पोळी, खारी आणि भात हे चारही पदार्थ धान्यच आहेत. भाजी पोळीला लावण्यापुरती आणि डाळ भात ओला होण्यापुरती.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये २,००० उष्मांकांचा दिवस असा मांडला आहे : धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, डाळी किंवा त्यांच्या जागी अंडी-मांस ८५ ग्रॅम, दूध ३०० मिलिलिटर, शिवाय दाणे आणि तेलबिया. ४०० ग्रॅम भाजी म्हणजे चार माणसांच्या घरात रोज दीड किलोहून जास्त. आपल्या मंडईच्या पिशवीत तेवढी भाजी येते का, हे प्रत्येकाने एकदा ताडून पाहावं.

आपल्या ताटाची मांडणी मात्र याला पूर्ण अनुकूल आहे. डावीकडे कोशिंबीर-चटणी, उजवीकडे भाजी-उसळ-आमटी. बिघडलंय ते माप. कोशिंबीर चमचाभर उरली, उसळ आठवड्यातून एकदा होते. मटकीची वा मुगाची उसळ रोज एक भरलेली वाटी, काकडी-टोमॅटो-गाजराची कोशिंबीर वाटीभर, वरण घट्ट, आणि पोळी तीनऐवजी दोन, एवढाच बदल केला तरी पोट भरतं आणि भातही राहतो. प्रौढ माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. उसळीच्या वाटीतून सात-आठ ग्रॅम मिळतात, एका अंड्यातून सहा, पेलाभर दुधातून सहा-सात. वजन उतरवताना प्रथिनं कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि ते आपल्याकडे मुळातच कमी आहेत. पिठलं-भाकरी हे गरिबाचं जेवण मानून आपण मागे टाकलं, पण डाळीचं पीठ आणि ज्वारी यांची ती जोडी आजच्या कुठल्याही आहारतज्ज्ञाला मान्य होईल. तेलावर मात्र हात आखडता हवा.

भाकरीबद्दलही एक खुलासा. ज्वारी-बाजरीत तंतू जास्त, पोट लवकर भरतं, भाकरीला तेल लागत नाही. हे फायदे खरे आहेत. पण भाकरी कितीही खाल्ली तरी चालते, हे खरं नाही.

“दोनदाच खा” की “दर दोन तासांनी खा”?

महाराष्ट्रात गेल्या दहा वर्षांत जेवणाच्या टेबलावर जितका हा वाद झाला, तितका क्वचितच दुसरा झाला असेल. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर आधारलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघर पोहोचवलेली पद्धत सांगते : कडकडून भूक लागते त्या दोनच वेळा जेवा, जेवण ५५ मिनिटांत संपवा, मध्ये काही खाऊ नका, रोज ४५ मिनिटं चाला. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी लोकप्रिय केलेला विचार याच्या उलट बाजूचा : थोडं थोडं, वेळच्या वेळी, स्थानिक आणि घरचं खा, तूप-भाताला घाबरू नका. दोन्ही बाजूंना वजन उतरलेली माणसं भेटतात, आणि दोघेही खरं बोलत असतात.

उलगडा असा. जो माणूस दिवसभरात चार चहा, दोन बिस्किटपुडे, संध्याकाळी बाकरवडी आणि झोपताना शेव-चिवडा खात होता, तो दोन जेवणांवर आला की हे सगळं एका फटक्यात गेलं. ज्या बाईला दुपारी उशिरापर्यंत जेवायला फुरसतच मिळत नव्हती आणि मग ती सापडेल ते खात होती, तिला वेळच्या वेळी थोडं खाल्ल्याने ताळतंत्र आलं. दोघांच्याही पोटात जाणारं एकूण अन्न कमी झालं. चीनमधल्या ग्वांगझू इथे १३९ लठ्ठ व्यक्तींवर वर्षभर झालेली चाचणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. दोन्ही गटांनी उष्मांक कमी केले होते, पैकी एका गटाने सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात खाल्लं. त्या गटाचं वजन सरासरी ८ किलोने उतरलं, दुसऱ्याचं ६.३ किलोने, आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. सारखं खाल्ल्याने शरीराची भट्टी पेटती राहते, या समजालाही आधार सापडलेला नाही.

म्हणून जी पद्धत वर्षानुवर्षं पाळता येईल ती धरावी. एक अपवाद मात्र गंभीर आहे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर खूप खाली आणू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता जेवणं गाळली, तर साखर एकदम उतरून जिवावर बेतू शकतं. गर्भवती आणि स्तनदा मातांनी असे प्रयोग करू नयेत.

“उपास आहे, म्हणजे हलकंच झालं”

एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण काही उगाच पडलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, १०० ग्रॅममध्ये प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाहीत. ७५ ग्रॅम कोरड्या साबुदाण्याचे २६० उष्मांक, २५ ग्रॅम दाण्याच्या कुटाचे १४०, मोठा चमचाभर तुपाचे १२० च्या आसपास. बटाटा न धरताही खिचडीची एक ताटली पाचशेपार गेली. त्यावर वेफर्स, बटाट्याचा कीस आणि शिकरण आली की तो दिवस एरवीच्या दिवसाहून जड होतो. उपास करू नका, असं मी म्हणत नाही. श्रद्धेचा तो भाग माझ्याही घरात आहे आणि प्रिय आहे. राजगिऱ्याची भाकरी किंवा थोडी वरी, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, ताक आणि एक फळ, असा उपास शास्त्रातही बसतो आणि शरीरालाही मानवतो.

“टेकडी चढलो, आता मिसळ चालते”

वेताळ टेकडी, तळजाई, हनुमान टेकडी, पर्वतीच्या पायऱ्या ही पुण्याची श्रीमंती आहे. पण साठ-सत्तर किलोचा माणूस पाच किलोमीटर चालला तर साधारण २०० ते ३०० उष्मांक खर्च होतात. मिसळीबरोबरच्या दोन पावांचेच दोनशेच्या वर भरतात. तीस ग्रॅम फरसाणाचे दीडशे, तर्रीतल्या मोठ्या चमचाभर तेलाचे १२०. उसळीचे अजून धरलेच नाहीत, आणि दुसरा रस्साही आलेला नाही. तळजाईहून उतरून नीरा किंवा उसाचा रस घेणाऱ्यांचा हिशेबही असाच चुकतो. मिसळीतला सर्वांत चांगला भाग म्हणजे मोडाची मटकी. ती जास्त घ्या, फरसाण अर्धं करा, पाव एक. चालणं मात्र सोडायचं नाही. वजन त्याने एकट्याने फारसं उतरत नसलं, तरी साखर, रक्तदाब, झोप आणि उतरलेलं वजन पुन्हा न वाढणं, या चारही गोष्टींत त्याचा वाटा मोठा आहे.

गूळ, मध, साजूक तूप

शहरभर गुळाच्या चहाच्या पाट्या लागल्या आहेत. १०० ग्रॅम साखरेत ४०० च्या आसपास उष्मांक, गुळात ३८० च्या आसपास. रक्तातली साखर दोन्हींनी चढते. गुळातलं लोह चहाच्या चमच्यात मोजण्याइतकंही नसतं. अमृततुल्य चहात साखर आधीच पडलेली असते, ती आपल्या हातात राहत नाही. म्हणून कप कमी करणं किंवा ‘अर्धा’ मागणं हाच सोपा उपाय. कोमट पाण्यातलं मध-लिंबू चरबी वितळवत नाही. साजूक तूप चरबी जाळत नाही, पण वरणभातावरचं चमचाभर तूप वजनही वाढवत नाही. तेल-तूप मिळून माणशी रोज २५-३० ग्रॅम म्हणजे महिन्याला एक किलोच्या आत. घरात महिन्याचं तेल किती येतं आणि माणसं किती आहेत, एवढा भागाकार केला की उत्तर मिळतं. ‘डाएट चिवडा’ पाकिटावरच्या नावाने हलका होत नाही, मूठ किती हे पाहावं लागतं.

“आमचं शाकाहारी, सात्त्विक, कमी काय पडणार?”

बी-१२ हे जीवनसत्त्व कमी पडतं. डॉ. याज्ञिक यांच्या गटाने पुणे आणि परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांच्या पाहणीचे निष्कर्ष २००६ साली मांडले, तेव्हा दोन तृतीयांश जणांमध्ये बी-१२ कमी निघालं होतं, शहरी मध्यमवर्गात त्याहूनही जास्त जणांमध्ये. ते वनस्पतींत मिळत नाही. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक, पनीर यांतूनच मिळतं. वजन उतरवायचं म्हणून लोक नेमकं दूध-दही आधी बंद करतात आणि काही महिन्यांनी थकवा, हातापायाला मुंग्या अशा तक्रारी घेऊन डॉक्टरकडे जातात. दूध-दही ठेवा, हवं तर साय काढून. साखर काढा. बी-१२ ची तपासणी करून घ्या.

“काटा हललाच नाही, सगळं फुकट”

पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरतात, त्यात बरंचसं पाणी असतं. शरीराने साठवलेली साखर वापरली जाते आणि तिच्याबरोबर धरून ठेवलेलं पाणीही जातं. नंतर वेग मंदावतो, आणि तिथेच माणसं हातपाय गाळतात. किलोभर चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक साठलेले असतात. रोज ५०० कमी केले तरी आठवड्याला अर्धा किलो, तेही सुरुवातीला.

चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांवर अभ्यास केला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. आहार आणि चालणं सुधारलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं, आणि त्या गटाचं सरासरी वजन जवळजवळ उतरलंच नव्हतं. त्यामुळे खाणं बदलल्यावर काटा रोज पाहू नका. आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर पाहा. त्याच्या जोडीला महिन्यातून एकदा कंबरेचा घेर, आणि तीन महिन्यांनी एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आणि रक्तदाब तपासा. पट्ट्याचं एक भोक आत गेलं असेल आणि तीन महिन्यांची साखर उतरली असेल, तर काटा जागचा हलला नसला तरी बदललेलं ताट तसंच चालू ठेवा.